५० कोटींची अट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात निधीविषयी बोलावयास उभा राहिलेला वक्ता फारसा लोकप्रिय नसतो. त्याने तोंड उघडताच श्रोत्यांचा हात खिशाकडे जातो खरा, पण तो खिसा सांभाळण्याकरिता! म्हणून आरंभीच अभय देतो की, मी आज पावतीपुस्तक बरोबर आणलेले नाही. एका परदेशी विद्यापीठाने आपल्या कर्करोग-केंद्राकरिता अल्प मुदतीत प्रचंड द्रव्य कसे उभे केले, ती हकीकत आपणांस सांगावी आणि तीतून आपल्यासारख्या लहान मंडळाने काय घ्यावे याचा विचार करावा, एवढाच माझा हेतू आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ऑरेगन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. तेथे 'ऑरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी' हे वैद्यकाचे विद्यापीठ आहे. न्यूयॉर्क किंवा बोस्टन येथील संस्थांच्या मानाने हे विद्यापीठ पूर्वी फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. त्याचे नाव जगभर झाले ते डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या संशोधनाने. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. या रोगाच्या रुग्णांच्या पेशींत एक विकृत गुणसूत्र आढळते, असे १९६० साली फिलाडेल्फिया येथील दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जाऊन त्यातून एक घातक प्रथिन निर्माण होते, आणि ते पेशीला अखंड वाढत राहण्याची आज्ञा देत राहते, हे पुढील काळात उलगडले. त्या एकाच प्रथिनाला अडविणारे इमॅटिनिब हे औषध रुग्णांवर वापरून पाहण्याचा ध्यास डॉ. ड्रुकर यांनी घेतला. या रोगाचे रुग्ण संख्येने थोडे, म्हणून औषध बनविणारी कंपनी प्रथम फारशी उत्सुक नव्हती. अखेर १९९८ साली चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रथमपासून हे औषध घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८९ जण पाच वर्षांनंतरही हयात होते, असा वृत्तान्त २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या रोगात पूर्वी मोजक्या वर्षांचा हिशेब मांडावा लागे, त्यात रोज एक गोळी घेऊन माणूस आपला संसार चालवू लागला.

हा इतिहास मी मुद्दाम आधी सांगितला. निधी मागणाराच्या हाती प्रथम काही केलेले काम असावे लागते. रिकाम्या हाताने केलेली याचना आणि कामाच्या बळावर केलेले आवाहन यांत मोठे अंतर आहे.

त्याच राज्यातील फिल नाइट हे नायकी या पादत्राणांच्या कंपनीचे एक संस्थापक. १९६४ साली त्यांनी व त्यांच्या धावण्याच्या प्रशिक्षकांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून तो व्यवसाय आरंभिला होता. त्यांनी व त्यांच्या पत्नी पेनी यांनी २००८ साली या कर्करोग-केंद्रास १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, आणि केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. परंतु माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे तो पुढचा प्रसंग. २० सप्टेंबर २०१३ रोजी विद्यापीठाच्या एका समारंभात या दाम्पत्याने घोषणा केली की, आम्ही आणखी ५० कोटी डॉलर देऊ. मात्र विद्यापीठाने दोन वर्षांच्या आत तितकीच रक्कम इतरांकडून उभी केली पाहिजे. अट पुरी झाली नाही, तर देणगीही नाही.

अशा देणगीने विद्यापीठाची मान उंचावली असेल, तद्वत् व्यवस्थापकांची झोपही उडाली असेल! कारण देणारा मोकळा झाला होता. अडकला होता तो घेणारा. आपल्याकडे अटीची देणगी म्हटली की किंचित नाक मुरडले जाते. दात्याच्या औदार्यात व्यवहार मिसळला, असे आपणांस वाटते. पण या अटीचे मर्म पाहा. ती नसती, तर सर्वसामान्य नागरिक म्हणाला असता, "एवढा कुबेर पाठीशी असता माझ्या शंभर डॉलरांची काय मातब्बरी?" अटीने हे उत्तरच हिरावून घेतले. आता प्रत्येक डॉलर आपल्यासारखाच दुसरा डॉलर ओढून आणणार होता. मोठ्या देणगीने लहान देणगीस निरुपयोगी ठरविण्याऐवजी तिचे मोल दुप्पट केले. मोठ्या दानाच्या सावलीत लहान दान वाळून जाते, हा सार्वजनिक कार्यातील जुना रोग आहे, आणि मला वाटते, त्यावरील उतारा येथे सापडतो.

मग रक्कम कशी जमली? ऑरेगन राज्याच्या विधिमंडळाने २०१४ साली इमारतींसाठी २० कोटी डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. म्हणजे जनतेच्या करांचा वाटा आला. त्याच वर्षी एका दात्याने नाव गुप्त ठेवून १० कोटी डॉलर दिले. त्या गर्ट बॉइल होत्या, हे पुढे उघड झाले. नाझी राजवटीच्या जाचामुळे लहानपणी कुटुंबासह जर्मनी सोडून आलेल्या या बाईंच्या पतीचे १९७० साली निधन झाले, आणि डबघाईस आलेला कपड्यांचा कारखाना त्यांनी मुलाच्या साहाय्याने सावरून मोठा केला. त्यांची बहीण हिल्डेगार्ड लॅमफ्रॉम ही जीवशास्त्रज्ञ होती; तिने विद्यार्थिदशेतील ड्रुकर यांना मार्गदर्शन केले होते, आणि ती स्वतः मेंदूच्या कर्करोगाने १९८४ साली निवर्तली. उरलेले सुमारे २० कोटी इतरांकडून यावयाचे होते, आणि ते आले. २०१५ च्या जून महिन्यात, म्हणजे सुमारे २१ महिन्यांत, मुदतीपूर्वीच अट पुरी झाल्याचे जाहीर झाले. देणगीदारांची संख्या १०,००० च्या वर गेली होती.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हा पैसा मुख्यत्वे मागितला होता तो कर्करोग लवकर ओळखण्याच्या संशोधनासाठी. हे संशोधन दिसावयास सोपे, करावयास अत्यंत कठीण. शरीरात सापडलेली प्रत्येक गाठ मारक असतेच असे नाही. काही इतक्या मंदगती असतात की त्यांपासून रुग्णास कधीच अपाय होत नाही, आणि उगाच केलेल्या उपचाराचा मात्र होतो. घातक कोणती आणि निरुपद्रवी कोणती, हे आरंभीच ओळखता आले पाहिजे. अशा कामाला वर्षानुवर्षे लागतात आणि फळाची हमी देता येत नाही. सरकारी अनुदान बहुधा एकेका ठराविक प्रकल्पापुरते मिळते, आणि ते मिळविण्याचे अर्ज लिहिण्यातच संशोधकाचा मोलाचा वेळ जातो. समाजाने दिलेला मोकळा पैसा त्याला धीर धरण्याची सवड देतो. २०१८ साली त्या संशोधनासाठी नवी इमारत उभी राहिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये नाइट दाम्पत्याने याच केंद्रास २०० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. पहिल्या अटीच्या कसोटीस जी संस्था उतरली, तिच्यावरील विश्वास असा वाढत गेला.

या कथेला दुसरी बाजू नाही असे मी म्हणणार नाही. नायकीचा माल बनविणाऱ्या आशियातील कारखान्यांत मजुरांना मिळणारे वेतन व वागणूक यांवर १९९० नंतरच्या दशकात कडक टीका झाली होती. आपल्या कंपनीचे नाव गुलामीच्या वेतनाशी जोडले गेले आहे, हे नाइट यांनी १९९८ साली जाहीर भाषणात मान्य करून सुधारणांचे आश्वासन दिले होते. तेव्हा दान पाहून दिपून जाऊ नये. द्रव्य कोणत्या मार्गाने आले, हेही विचारावे. पण असे विचारणाऱ्याने स्वतःचा वाटा उचलण्याचे टाळू नये, एवढेच माझे सांगणे. दहा हजारांचा निधी हा एकट्याच्या निधीपेक्षा निर्मळ राहतो, कारण त्याचा हिशेब दहा हजार जण मागू शकतात.

आपल्या महाराष्ट्राला यातले काही सर्वस्वी नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना निघाला. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले आणि त्यासाठी ते गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडले. त्यांची ही निष्ठा आधी दिसली, मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाखांची देणगी दिली, तीही अटींसह. पोर्टलंड आणि पुणे यांच्यामध्ये महासागर असला, तरी लहानांचे पाठबळ आणि मोठ्याची देणगी यांचे नाते दोहींकडे एकच आहे.

आणि रोगाचे नातेही दूरचे नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले; आता ते होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचे घटक आहे. म्हणजे विद्यापीठाचे कर्करोग-केंद्र आपल्या दाराशीही आहे. पोर्टलंडमध्ये ज्याची पारख झाली, ते इमॅटिनिब आपल्या रुग्णांस परवडले तेही एका झगड्यामुळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाच्या एका रूपावरील विदेशी कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जाई, तर भारतीय बनावटीचे औषध सुमारे आठ-दहा हजारांत मिळे.

परंतु आठ-दहा हजार ही रक्कम तरी कोणाला लहान? आणि औषधाखेरीज गाडीभाडे आहे, जेवण आहे, बुडालेली मजुरी आहे, रात्री पाठ टेकण्याची जागा आहे. परळला दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून रुग्ण येतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा अनेकांना आसरा देते, तरी रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर मुक्काम करणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहे चालविली, अडल्यानडल्यास हात दिला. त्यात कमीपणा काहीच नाही. घरापासून आरंभ करणे हा माणसाचा स्वभावच आहे. प्रश्न आहे तो घरापाशीच थांबावे काय, हा. रुग्णालयातल्या रांगेत आपला बांधव ज्याच्या शेजारी बसतो, त्याची जात गाठीने विचारलेली नसते. आपल्या माणसाचा प्राण वाचविणारी रक्ताची पिशवी कोणाची, हे आपण विचारीत नाही. मग पिशवी घेताना जो प्रश्न पडत नाही, तो पैसा देताना का पडावा? या मुद्द्यावर आपल्या सभासदांत प्रामाणिक मतभेद आहेत, याची मला जाणीव आहे. "आधी आपली गरीब मुले, मग जग", असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदरच आहे. म्हणून त्यांच्यापुढे मी पोर्टलंडचीच युक्ती ठेवतो.

आपल्यातील सधन गृहस्थांनी एक रक्कम बोलावी, आणि तिला अट घालावी: एका वर्षाच्या आत सर्वसाधारण कुटुंबांनी मिळून तितकीच रक्कम जमविली, तरच ती द्यावयाची. शिष्यवृत्तीच्या निधीस हात लावू नये. जमलेल्या पैशातून परळला उपचारास येणाऱ्या कोणाही रुग्णाच्या, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, राहण्याजेवण्याचा व औषधाचा भार उचलावा. कोणास साहाय्य द्यावे, हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या शिफारशीने ठरावे, आपल्या ओळखीने नव्हे. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पै न् पैचा हिशेब छापावा. पाच हजार देणाऱ्याचे नाव ज्या टंकात, त्याच टंकात पन्नास रुपये देणाऱ्याचे. ज्याला नाव नको असेल, त्याला गर्ट बॉइल यांचे उदाहरण आहेच.

निधी जमविणाऱ्या कार्यकर्त्यांसही दोन शब्द सांगतो. मागावयास जाताना स्वतःची वर्गणी प्रथम भरून जावे. किती हवे, कशासाठी हवे आणि केव्हापर्यंत हवे, ही तीन उत्तरे पाठ असावीत. नकार मिळाला तर त्या घरचा चहा तरी गोड मानून घ्यावा, कारण पुढल्या वर्षी त्याच दारी जावयाचे असते. आणि दिलेल्याचे काय झाले, हे सांगावयास पुन्हा गेल्याखेरीज दुसऱ्यांदा मागू नये.

पोर्टलंडच्या ५० कोटींपुढे आपली रक्कम दृष्टीसही पडणार नाही, हे उघड आहे. पण अट तीच ठेवता येते, मुदत तीच पाळता येते आणि हिशेब तितकाच चोख देता येतो. कार्यकारी मंडळाने हा विषय आगामी सर्वसाधारण सभेपुढे ठरावाच्या रूपाने मांडावा, अशी माझी नम्र सूचना आहे.