पारावरची मुशी आणि अनवाणी फुटबॉल

दिवसभराची कामं आटोपली की पारावर चार मंडळी जमतात. या गप्पांना शेंडाबुडखा नसतो. कांद्याच्या भावावरून निघालेली गोष्ट समुद्रातल्या शार्कवर जाते आणि शार्कवरून फुटबॉलवर. कुणी म्हणतो, “शार्क पोहायचा थांबला की मेलाच समजा.” दुसरा म्हणतो, “आपले खेळाडू अनवाणी खेळत, म्हणून आपल्याला विश्वचषकात घेतलं नाही.” सगळे माना डोलावतात आणि गप्पा पुढे सरकतात.

अशा गप्पांना नावं ठेवणारा मी नव्हे. शाळेत न शिकलेल्या कितीतरी गोष्टी माणूस पारावर शिकतो. पण एवढं सांगतो, की वर दिलेल्या दोन्ही गोष्टी जशा सांगितल्या जातात तशा खऱ्या नाहीत. आणि अशा अर्धवट गोष्टी नेहमीच निरुपद्रवी असतात, असंही नाही.

आधी शार्क घेऊ. आपल्या कोकणात त्याला मुशी म्हणतात, मोरीही म्हणतात. मालवणकडच्या मंडळींना मोरीचं मटण ठाऊक आहेच! काही जातींच्या शार्कना कल्ल्यांतून पाणी खेळतं ठेवायला सतत पोहावं लागतं, हे खरं. पण तळाशी निवांत पडून, तोंडाने पाणी ओढून श्वास घेणाऱ्या जातीही पुष्कळ आहेत. शार्क नरभक्षक, असंही आपण म्हणतो. वस्तुतः सबंध जगात, माणसाने डिवचलेलं नसताना शार्कने केलेले हल्ले वर्षाला साधारण साठ-सत्तर होतात, आणि त्यांत दगावणारी माणसं बहुधा दहाच्या आतबाहेर. आता आपल्या बांधावरचा हिशोब पाहा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शार्कची भीती बाळगायची आणि रात्री बॅटरी न घेता शेतात पाणी द्यायला जायचं, हा कुठला न्याय? उलट माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडला.

पण खरा घात एका वेगळ्याच वाक्याने केला: “शार्कला कॅन्सर होत नाही.”

शार्कच्या अंगात हाडं नसतात. आपल्या कानाचा वरचा भाग चिमटीत धरून वाकवून पाहा. ती लवचिक कूर्चा. शार्कचा सगळा सांगाडा तसल्या कूर्चेचा असतो. या कूर्चेत नव्या रक्तवाहिन्या वाढू न देणारे काही घटक आहेत, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्तपुरवठा लागतो, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यात लक्ष घातलं, ते योग्यच होतं. पण १९९२ साली अमेरिकेत ‘शार्कला कॅन्सर होत नाही’ अशाच नावाचं एक पुस्तक निघालं, आणि कूर्चेची भुकटी डब्याडब्यांनी खपू लागली. शार्कला गाठी होतात, कॅन्सरही होतो, याच्या नोंदी तर त्याआधी कितीतरी वर्षांपासून होत्या! पुढे रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. कूर्चेचा अर्क घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांपेक्षा अधिक जगले नव्हते. मधल्या काळात शार्क मारले गेले ते गेलेच. पण भुकटीच्या भरवशावर ज्यांनी डॉक्टरांचे उपचार लांबणीवर टाकले असतील, त्यांचं काय?

आता फुटबॉल. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा होती. आपल्या गटातले बाकीचे देश माघारले आणि भारताला न खेळताच प्रवेश मिळाला. पुढच्या फेरीत स्वीडन, इटली आणि पराग्वे यांच्याशी गाठ होती. आपला संघ गेलाच नाही. का? तर अनवाणी खेळायला मनाई होती म्हणून, असं आजही सांगतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, हे अगदी खरं. फ्रान्सने आपल्याला कसंबसं २–१ हरवलं, तेही आपण दोन पेनल्टी दवडल्या म्हणून. पण गुरुजी, वर्गात मुलांना एक प्रश्न घाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले कितीतरी खेळाडू अनवाणीच उतरले होते. मग १९५० साली केवळ पायांमुळे दार बंद झालं कसं? हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असं धुतलं, आणि त्यानंतर आपल्याच संघटनेने बूट सक्तीचे केले.

त्या वेळचे नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनी उतारवयात सांगितलं होतं, की विश्वचषकाचं महत्त्वच तेव्हा आपल्याकडे कळलं नव्हतं. ऑलिंपिक म्हणजे सर्व काही. संघटनेने संघनिवडीचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ अशी कारणं दिली. म्हणजे न जाण्याचा निर्णय आपला होता. अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला गोड लागते, कारण तीत दोष परक्याचा ठरतो. आपला पुरुषांचा संघ त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत अद्याप एकदाही खेळलेला नाही. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि आपण चौथे आलो, ही खरी गोष्ट मात्र पारावर क्वचित ऐकू येते.

शार्क आणि फुटबॉल खरोखर एकत्र येतात असं एक गाव आहे. आपण ज्या स्पर्धेला गेलो नाही, तिचाच एक सामना २ जुलै १९५० रोजी ब्राझीलच्या रेसिफे शहरात झाला. चिलीने अमेरिकेला ५–२ हरवलं. समुद्रकाठचं शहर, आंघोळीला प्रसिद्ध. १९९२ पासून मात्र तिथल्या किनाऱ्यावर शार्कचे हल्ले सुरू झाले आणि तेव्हापासून त्या परिसरात वीसाहून अधिक माणसं गेली. शार्क एकाएकी चवताळले का? शहराच्या दक्षिणेला सुआपे येथे मोठं बंदर बांधलं गेलं होतं. खाडीची मुखं आणि तिवरांची रानं बिघडली. खाडीत पिल्लं घालायला येणाऱ्या शार्कची जागा गेली, आणि ते शहराच्या किनाऱ्याकडे सरकले, असं तिथले अभ्यासक सांगतात. २०१४ साली विश्वचषकाचे सामने पुन्हा रेसिफेत झाले, तेव्हा पाहुण्यांना समुद्रात उतरताना जपा म्हणून सांगावं लागलं. किनाऱ्यावर शार्कच्या चित्राचे फलक उभे आहेत, आणि त्याच वाळूत पोरं फुटबॉल खेळतात.

शाळेत जगाचा नकाशा असेल, तर दक्षिण अमेरिकेचा आफ्रिकेकडे पुढे आलेला कोपरा पाहा. रेसिफे तिथेच सापडेल.