छायाचित्र आणि न्यायबुद्धी
(धायरी येथील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांनी छायाचित्रांच्या साहाय्याने आपल्या गावातील अन्यायाचा शोध कसा घ्यावा, ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय नवा वाटेल; परंतु परिसर-अभ्यास आपणांस नवा नाही. आजवर मुलांनी पाने गोळा केली, गावाचे नकाशे काढले. आता घरोघरी मोबाइल आला आहे. त्यातील कॅमेऱ्याने काय पाहावे आणि कसे पाहावे, हे मुलांना शिकविणे आपल्याकडे आले आहे.

प्रथम एका शिक्षकाचीच हकीकत सांगतो. लुइस हाइन हे न्यूयॉर्क येथील एका शाळेत शिकवीत असत. अध्यापनाचे साधन म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि 1908 साली शाळा सोडून ते राष्ट्रीय बालमजूर समितीचे छायाचित्रकार झाले. गिरण्यांत व खाणींत राबणारी मुले त्यांनी टिपली. परंतु केवळ चित्रावर ते विसंबले नाहीत. मुलाचे वय आणि काम ते लिहून घेत. मुलाची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाहत. पुढे 1938 साली अमेरिकेत बालमजुरीस आळा घालणारा कायदा झाला. त्यामागे अनेकांचे श्रम होते; हाइन यांची चित्रे हा त्यांतील एक वाटा. चित्रास नोंदीची जोड मिळाली म्हणजेच ते साक्ष देऊ लागते.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य झाले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन अनेक वर्षे छायाचित्रांतून मांडले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतीलच ‘पुकार’ ह्या संस्थेने सामान्य वस्त्यांतील तरुणांना आपल्याच परिसराचे संशोधक बनविले. ज्याचे जीवन आहे त्यानेच ते अभ्यासावे, हा त्यामागील विचार होय. 1990 नंतरच्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातील स्त्रियांच्या हाती कॅमेरे देण्यात आले, तेही ह्याच विचाराने.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, शहराच्या कडेच्या एका शाळेत मी शिक्षक असताना, ‘आपली वस्ती’ असा प्रकल्प मुलांना दिला. एका मुलाने कचऱ्याच्या ढिगावर वाकलेल्या एका बाईचे चित्र आणले. चित्र उत्तम होते. मी ते भिंतीवर लावले आणि खाली स्वतःच्या अक्षरांत लिहिले, ‘दारिद्र्य’. दुसऱ्या दिवसापासून सातवीतील एक मुलगी शाळेत येईना. ती बाई तिची आई होती. मी घरी गेलो, तेव्हा ती माउली रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, फोटू काढायचा व्हता तर सांगायचं की. नीट उभी ऱ्हायले असते.”

त्या वाक्याने मला जे शिकविले, ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळाले नव्हते. तिने आपले ओळखपत्र काढून दाखविले. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि त्या दशकाच्या मध्यास तिने दिलेल्या छायाचित्र-ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. त्या छोट्या चित्रात ती सरळ समोर पाहत होती. एका छायाचित्राने तिला कामगार म्हणून उभे केले होते. माझ्या भिंतीवरील छायाचित्राने तिला वाकविले होते. मी ते उतरविले. मग मुलांनी तिला विचारून, भंगाराच्या दुकानी तराजूपाशी उभी असता तिचे चित्र घेतले. दिवसाला किती किलो माल, काय भाव, किती पायपीट, हे तिच्याच शब्दांत खाली लिहिले. मुलगी शाळेत परत आली. ते शब्द तिनेच लिहून काढले होते.

ह्या अनुभवावरून पुढील गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

1. आधी प्रश्न, मग कॅमेरा. आज आपण ज्या धायरीत जमलो आहोत, तिचा उर्वरित भाग 2017 साली महापालिकेत आला. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणाऱ्या मजुरांची मुले कोठे शिकतात? पाणी कोणाच्या दारी नळाने येते आणि कोणाच्या दारी टँकरने? असा एकच प्रश्न घ्यावा.

2. अनुमतीवाचून कोणाचेही चित्र घेऊ नये. नकार मिळाल्यास तो आनंदाने स्वीकारावा. मुलाचे चित्र असल्यास पालकांसही विचारावे.

3. चित्राखाली स्थळ, दिनांक व वस्तुस्थिती लिहावी. ‘गरीब’, ‘बिचारा’ असली विशेषणे लिहू नयेत.

4. चित्रे समाजमाध्यमांवर न टाकता प्रथम ज्यांची आहेत त्यांना दाखवावीत. त्यांना मान्य असतील तीच शाळेत व ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या कार्यालयात मांडावीत.

5. मोबाइल नसलेल्या मुलास मागे ठेवू नये. चौघांच्या गटास एक मोबाइल पुरे. एकाने विचारावे, एकाने लिहावे, एकाने मोजावे, एकाने टिपावे, आणि कामे आलटून पालटून करावीत.

बंधुभगिनींनो, एका प्रदर्शनाने नळास पाणी येईल, असे वचन मुलांना देऊ नका. परंतु ज्या मुलाने समोरच्या माणसास आधी विचारले आणि मगच त्याच्याकडे कॅमेरा वळविला, त्याने न्यायाचा पहिला धडा गिरविला आहे. तो धडा आपण आधी गिरवू या.