सायकलच्या चाकातला आवाज शोधताना

(जव्हार येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सायकल चालवताना चाकातून आवाज येतो, पण तो नेमका कशाचा ते कळत नाही, अशा आवाजांविषयी मी आज बोलणार आहे. हा विषय इथे बोलण्याला कारण आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, आणि जव्हार व मोखाडा हे आपले दोन्ही तालुके तिच्यात येतात. सपाट मुलखात पाच किलोमीटर हे अंतर फार नाही. जव्हार मात्र समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. पाड्यावरून शाळेला निघालेल्या मुलीच्या वाटेत एक चढ, एक उतार आणि खाली एखादा ओहोळ असतोच. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहतो, सायकल ढकलत पलीकडे न्यावी लागते, आणि चाकाचा हब पाण्याखाली जातो.

त्या हबमध्ये काय असते ते आधी पाहू. हबच्या कडेला वाटीसारखा कप, आसावर बसवलेला कोन आणि दोहोंच्या मधे सुटे छर्रे. आपल्या साध्या सायकलींत बहुधा पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूस दहा आणि मागच्याला नऊ असतात. त्यांच्या भोवती ग्रीस. पाणी शिरले की ग्रीस दुधासारखे पांढरे पडते आणि हळूहळू निघून जाते. छर्ऱ्यांवर गंज धरतो. पाऊस सरल्यावर रस्त्याची धूळ आत जाते, आणि गंज व धूळ मिळून पोलाद खरवडू लागतात. कोनाला बारीक खड्डे पडतात. हे सगळे होत असताना चाक आवाज करत असते. बहुतेक चाके मोडण्याआधी कितीतरी दिवस आवाज देतात. उतारावर वेगात असताना चाक अडकले तर काय होईल हे या गावात कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून तो आवाज ओळखता येणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आवाज शोधणे अवघड जाते, कारण सायकलचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो आणि पोलादातून आवाज लांबवर जातो. पुढच्या हबची घरघर हँडलमधून येते असे वाटते. मागच्या चाकाची टिकटिक सीटखालची वाटते. दिशा सांगण्यात आपला कान इथे फसतो. पण तोच कान मोजण्यात फसत नाही. आवाज कुठून येतो हे विचारू नका, किती वेळाने येतो ते मोजा.

खोडाळ्याकडच्या रस्त्यावर रोज सायकल चालवणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या सायकलचा टिक-टिक आवाज फक्त चढावर यायचा. सपाटीला नाही, उताराला नाही, पायडल मारणे थांबवले की तोही थांबायचा. दुरुस्तीवाल्याने सरळ अनुमान काढले: पायडल थांबल्यावर आवाज थांबतो, म्हणजे दोष पायडलच्याच बाजूला. त्याने पायडलचा दांडा जखडणारी कॉटर बदलली, मग पायडल बदलले, मग दोन्ही दांडे जोडणारा आस (बी.बी. एक्सल) खोलून नवे छर्रे घातले. टिकटिक तशीच राहिली, आणि घरच्यांचे पैसे गेले.

सायकल माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एवढेच सांगितले: चढावर जा आणि उजवा पाय खाली येईल तेव्हापासून दोन फेऱ्या होईपर्यंत टिक मोज. ती परत येऊन म्हणाली, "पाच. कधी कधी पाचाला जरा कमी." तिच्या सायकलच्या पुढच्या दातचक्राला ४४ दात, मागच्या फ्री-व्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरते आणि दोन फेऱ्यांत ४.८८ वेळा. कॉटर सैल असती तर दोन फेऱ्यांत दोन टिक आल्या असत्या. चेनची एखादी कडी आखडली असती तर एकच, तीही कधी चुकली असती, कारण पूर्ण चेन फिरून यायला पायडलच्या दोनांहून जास्त फेऱ्या लागतात. पाच म्हणजे चाक. एकही नट न खोलता अर्धी सायकल संशयातून सुटली.

मग ते चाक फक्त पायडल मारतानाच का वाजत होते? यासाठी तारेच्या आऱ्यांचे चाक कसे काम करते ते समजले पाहिजे. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरा दाबला जातो. वजन त्याच्यावर उभे असते. सायकलचा आरा इतका बारीक असतो की दाबला तर वाकेल. तो ताणून बसवलेला असतो. ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली, आणि आज आपण वापरतो तसे एकमेकांना छेद देणारे तिरपे आरे जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आणले. ओझे पडल्यावर या चाकात काय होते ते योब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हिशोब करून दाखवले. जमिनीला टेकलेल्या भागावरच्या मोजक्या आऱ्यांचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा जवळजवळ होता तसाच राहतो. प्रत्येक आरा दर फेरीला एकदा तळाशी येतो, सैलावतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो.

आता चढाचा विचार करा. चढावर वजन मागच्या चाकावर सरकते. त्यात पायडलचा जोर: हब पुढे ओढला जातो, अर्धे आरे जास्त ताणतात आणि उरलेले अर्धे सैलावतात. एखादा आरा आधीच ढिला असेल आणि तो या सैलावणाऱ्यांतला असेल, तर तळाशी येताच त्याचा ताण जवळपास संपतो. जिथे तो शेजारच्या आऱ्याला छेदतो तिथे दोघे एकमेकांवरून सरकतात आणि टिक होते. सपाटीला एवढा ताण उतरत नाही, म्हणून आवाजही नाही. सायकल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवले तर ते अगदी शांत फिरते. दुकानात दोष सापडत नाही तो यामुळे. दुकानात सायकलवर कोणी बसलेले नसते.

ढिला आरा शोधायला यंत्र लागत नाही. दोन-दोन आरे मुठीत धरून दाबत जायचे. ढिली जोडी हातातच वाजते. नाहीतर प्रत्येक आरा बोटाने छेडायचा. आपल्याकडे घांगळी वाजवणारी मंडळी तार पिळून सूर जुळवतात, तसेच इथे कानाने जुळवायचे असते: ताण जास्त तर सूर उंच, ताण कमी तर सूर खाली. फक्त मागच्या चाकात फ्री-व्हीलच्या बाजूचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात, तेव्हा उजवा उजव्याशी आणि डावा डाव्याशी ताडून पाहायचा. त्या खोडाळ्याकडच्या मुलीच्या चाकात फ्री-व्हीलच्या बाजूचे दोन शेजारी आरे धप्प वाजत होते. आऱ्यांच्या टोकाचे निपल पाव-पाव फेरी आवळले, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, पाहिला, आऱ्यांच्या छेदावर तेलाचा एकेक थेंब सोडला. आवाज गेला.

हबचा आवाज वेगळा असतो. ती टिक नसते, घरघर असते. चाक उचलून फिरवा आणि बोटे सांगाड्याच्या नळीवर ठेवा. कानाला ऐकू येण्याआधी बोटांना कळते. लाकडी काठीचे एक टोक आसाच्या नटवर आणि दुसरे कानामागच्या हाडावर टेकवले तर आणखी स्पष्ट. घरघरीतून मधूनच एक कट्ट असा आवाज येत असेल तर तोही मोजा. छर्ऱ्यांची माळ चाकाबरोबर फिरत नाही. चाकाच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने फिरते. चाकाच्या जवळजवळ दोन फेऱ्यांना एकदा कट्ट होत असेल तर एखादा छर्रा फुटला आहे, असे धरून हब उघडावा. आणि तो उघडलाच तर कोनाची खालची बाजू आवर्जून पाहा. कोन फिरत नाही, ओझे कायम त्याच्या खालच्याच बाजूवर पडते, म्हणून खड्डे तिथेच सापडतात. खड्डे पडलेल्या कोनावर नवे छर्रे घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

व्हॉल्व्हचा सैल नट, मडगार्डची सळई, टायरात रुतलेला खडा, ब्रेकच्या रबरात शिरलेली वाळू हे आवाज सोपे आहेत. एकेक वस्तू हाताने दाबून धरली की लगेच उमगतात.

फ्री-व्हीलविषयी मात्र थांबून सांगतो. पायडल थांबवल्यावर येणारी कट-कट आतल्या कुत्र्यांची, म्हणजे दातांत अडकणाऱ्या खिट्ट्यांची असते, आणि ती असलीच पाहिजे. काही जण ती बंद व्हावी म्हणून आत ग्रीस कोंबतात. घट्ट ग्रीसमध्ये कुत्रे चिकटून बसतात, दातांत अडकत नाहीत, आणि चढावर उभे राहून जोर लावलेला पाय एकदम खाली निसटतो. तिथे पातळ तेलच घालावे. ही कट-कट एकाएकी बंद झाली तर त्या दिवशी सायकल चढावर नेऊ नये.

एक मागणी मी या व्यासपीठावरून करतो. आपण मुलींना सायकल देतो आणि ती दुरुस्त करण्याचे ज्ञान मात्र दूर बाजारपेठेत ठेवतो. चाक वाजू लागले की सायकल घराच्या पडवीला लागते, आणि मुलगी पुन्हा पायी निघते किंवा निघतच नाही. प्रत्येक शाळेत कोनचे पाने, निपलची चावी, छर्ऱ्यांच्या दोन पुड्या, ग्रीसचा डबा आणि तेलाची बुधली एवढे तरी असावे. पावसाळा संपताच, दिवाळीच्या सुटीआधी, सगळ्या सायकलींचे हब उघडून धुवावेत, आणि ते काम मुलींनीच करावे. आठवीतली मुलगी कोन बसवायला एका दुपारी शिकते. चाक हलवून पाहिले तर खुळखुळू नये आणि फिरवले तर अडखळू नये, या दोहोंच्या मधली जागा तिच्या बोटांना सापडते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

बाहेर अंगणात तुमच्या सायकली लावलेल्या आहेत. पाने मी आणले आहेत. जिच्या सायकलला आवाज आहे तिने आधी समोरच्या चढावर एक चक्कर मारून यावी आणि पायडलच्या दोन फेऱ्यांत किती वेळा वाजले तो आकडा मला सांगावा. नट त्यानंतर खोलू.