घरचा पापड, परदेशी दुकान

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ज्या घरातलं कुणी मुंबईला नाही असं घर शोधावं लागेल. त्या चाकरमान्यांची पुढची पिढी आता दुबईत, लंडनला, न्यू जर्सीत पोचली आहे आणि गावाहून परतताना तिच्या बॅगेत कुळथाचं पीठ, नाचणीचे पापड, आमसुलं, आंबापोळी ठरलेली असते. तिथल्या शेजाऱ्यांना ते आवडतं, मागणी येते, आणि मग गावातल्या बचत गटात कुणीतरी म्हणतं, आपण हे थेट परदेशातच का विकू नये? प्रश्न रास्त आहे. पण त्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. आधी मोठं यंत्र, मग कर्ज, मग रंगीत पाकीट आणि शेवटी गिऱ्हाईक. माझं म्हणणं असं आहे की परदेशी दुकानात पोचायचं असेल तर उत्पादन वाढवण्याआधी माल एकसारखा करावा लागतो आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागते. ही दोन्ही कामं एकट्या घराला झेपणारी नाहीत, ती वीस-पंचवीस घरांनी मिळूनच करायला हवीत.

नातेवाइकाने केलेलं कौतुक चवीची खात्री देतं, धंद्याची देत नाही. नातेवाईक पाकिटावरची तारीख बघत नाही, एखादा पापड जाड निघाला तर हसून सोडून देतो. दुकानातल्या गिऱ्हाइकाला तुमचं नाव-गाव ठाऊक नसतं. त्याने मार्चमध्ये नेलेलं पाकीट आणि सप्टेंबरमध्ये नेलेलं पाकीट यांत फरक पडला, तर तो तक्रार करत बसत नाही, शेजारच्या फळीवरचं दुसरं पाकीट उचलतो. म्हणून आयातदाराला पहिल्या खेपेपेक्षा तिसरी खेप महत्त्वाची वाटते. शिवाय ओळखीपाळखीने कुरिअरने पाठवलेल्या डब्यांवर कायमचा धंदा उभा राहत नाही. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली, आणि केवळ त्या सवलतीवर गणित मांडलेल्या जगभरच्या लहान विक्रेत्यांचं गणित एका दिवसात बिघडलं.

एकसारखेपणा म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्त. समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी त्यांना सल्ला दिला की हलका माल काढूच नका आणि हिशेब चोख ठेवा. पुढे संस्था वाढली ती याच दोन गोष्टींवर. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी एका ठिकाणी, पीठ शाखेत एकत्र मळायचं, बायकांनी मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं आणि परत आणून तपासून द्यायचं. लाटणारे हात हजारो, पण पीठ एकच. बचत गटांत चित्र नेमकं उलटं दिसतं. दहा बायका, दहा गिरण्यांवरून आणलेली दहा पिठं, दहा जणींचं दहा प्रकारचं मीठ आणि पापडखाराचं प्रमाण, आणि लेबल मात्र एकच. अशा पाकिटातला एक पापड फुलतो, दुसरा लाल पडतो, तिसरा खारट लागतो.

निर्यातीसाठी मात्र लिज्जतच्या पद्धतीपेक्षा एक पाऊल पुढे जावं लागेल. आयातदाराचा माणूस किंवा त्याने नेमलेला तपासनीस पंचवीस स्वयंपाकघरं बघत फिरणार नाही. त्याला एक जागा दाखवावी लागते, जिथे फरशी धुता येते, खिडक्यांना जाळी आहे, पाण्याची तपासणी झालेली आहे, डोक्याला टोपी आहे आणि मांजर आत येत नाही. तेव्हा गावच्या बाजाराचा माल घरी लाटा, परदेशचा माल सामायिक शेडमध्ये लाटा. बाई दिवसभर घराबाहेर राहू शकत नाही, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय म्हणजे चार-चार तासांच्या पाळ्या, वजनावर मजुरी, आणि भाताच्या लावणी-कापणीचे आठवडे वगळून आखलेलं वेळापत्रक. सुक्या मालाची मागणी वर्षातून दोन-तीनदाच यावी असं ठरवून घेता येतं, रोज पाकीट पाठवावं लागत नाही.

आता नोंदीकडे येऊ. हिंग घ्या. आपण डबीतून घालतो तो बांधानी हिंग, आणि तो बांधायला बहुधा मैदा वापरलेला असतो. म्हणजे उडदाच्या किंवा नाचणीच्या पापडात तुम्ही चिमूटभर हिंग घातला की त्यात गहू आला. युरोपातल्या नियमांप्रमाणे लेबलवर ठळक दाखवाव्या लागणाऱ्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांत गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं आहेत, तीळ आहे आणि आपल्या लोणच्यातली मोहरीसुद्धा आहे. अमेरिकेने 1 जानेवारी 2023 पासून तिळाला अशा यादीत नववा क्रमांक दिला. त्याहून नाजूक गोष्ट गिरणीची. नाचणीत मुळात ग्लुटेन नाही, आणि 2023 हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून तिची जगभर चौकशी आहे. पण 'ग्लुटेनविरहित' असं छापायचं तर ग्लुटेनचं प्रमाण दहा लाखांत वीस भागांच्या आत असावं लागतं. ज्या गिरणीवर आधी गहू दळला, तिच्यावरच नाचणी टाकली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून एक तर नाचणीपुरती वेगळी चक्की ठेवा, नाही तर पाकिटावर तसा दावाच करू नका. अर्धवट खरा दावा हा परदेशी बाजारात सगळ्यात महागात पडतो.

हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी असतं, आपल्याला कोण विचारतंय, असं वाटू शकतं. पण एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर इथे नामांकित भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली गेली, कारण त्यांत इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन सापडल्याचं तिथल्या यंत्रणांनी सांगितलं. प्रयोगशाळा आणि वकील पदरी असलेल्यांची ही गत झाली, तर लहान उद्योगाला एक परत आलेली खेपही पुरते. अमेरिकेत तर परदेशी पुरवठादाराचा माल सुरक्षित आहे हे पडताळण्याची जबाबदारी कायद्याने आयातदारावर टाकली आहे. म्हणून तो तुमच्याकडे कागद मागणारच: कोणत्या तारखेचा घाणा, मिरची कुणाकडून घेतली, तपासणीचा अहवाल कुठे आहे. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर आणि वहीत त्या नंबरासमोर कच्च्या मालाचा तपशील एवढं असेल, तर तक्रार आल्यावर पन्नास पाकिटं मागे घ्यावी लागतात. ते नसेल तर सगळा माल मागे घ्यावा लागतो. एका वहीची किंमत तेव्हा कळते.

कोणता पदार्थ निवडायचा? प्रदर्शनाच्या टेबलावर वीस वस्तू मांडलेल्या शोभतात, पण निर्यातीला एक किंवा दोनच पुरेत. लोणचं चवीला राजा, पण त्याची आम्लता मोजून सिद्ध करावी लागते. अमेरिकेत आंबवून किंवा आम्ल घालून टिकवलेल्या पदार्थांसाठी 4.6 पीएच ही रेषा धरतात आणि आम्ल घातलेल्या मालाच्या प्रक्रियेची वेगळी नोंदणी लागते. शिवाय तेल गळतं, काच फुटते. तुपातल्या लाडवांवर दुधाच्या पदार्थांचे नियम लागू होतात आणि ते बऱ्याच देशांत कडक आहेत. कोकमाचं आगळ टिकतं, पण त्यात पाण्याचंच भाडं भरावं लागतं. उरतात ते सुके पदार्थ: नाचणीचे पापड, नाचणी सत्त्व, कुळथाचं पीठ, आमसुलं. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पिढ्यान्‌पिढ्या पिकते, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ शेजारीच आहे. माझ्या मते या भागाने नाचणीच्या सुक्या मालापासून सुरुवात करावी.

यावर पहिला आक्षेप येतो चवीचा. चव हातात असते, काट्यावर मोजायला लागलात की ती गेली, असं अनेक सुगरणी म्हणतात. पण काटा चव ठरवत नाही, ठरलेली चव धरून ठेवतो. गटातल्या ज्या बाईचा पापड सगळ्यांना पसंत आहे, तिला तिच्या अंदाजाने पीठ मळू द्या आणि तिने घातलेलं मीठ, खार, जिरं, पाणी दर वेळी तोलून लिहून घ्या. पाच-सहा घाण्यांची सरासरी काढली की तिचा अंदाज ग्रॅममध्ये कागदावर येतो. मग लाटीचं वजन ठरवा, पापडाचा व्यास कड्याने कापून ठरवा, आणि प्रत्येक घाण्यातले पाच पापड तळून, पाच भाजून बघा. ती बाई आजारी पडली किंवा लेकीकडे गेली, तरी तिची चव चालू राहते. मोजमापाने तिचं कसब संपत नाही, उलट ते गटाच्या मालकीचं होतं, आणि त्यासाठी तिला जास्तीचा मोबदला देणं हेही न्याय्यच.

दुसरा आक्षेप पावसाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात वाळवण करायचं कसं? गिरगावातल्या त्या बायकांनाही पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली स्टोव्ह ठेवला आणि खाटेवर पापड वाळवले. आज त्या जागी सौर वाळवणी यंत्र किंवा विजेचा ड्रायर आहे, तत्त्व तेच. पण खरा धोका वाळवणानंतरचा आहे. सुकलेला पापड दमट हवेतून पुन्हा ओल ओढून घेतो आणि महिनाभर जहाजावर राहिल्यावर त्याला बुरशी धरते. म्हणून ओलावा मोजणारं साधन, ओल आत न सोडणारं पाकीट आणि वाळवल्या दिवशीच सीलबंद करणं, हे तिन्ही लागतं. साठा कुठे ठेवायचा हेही आधी ठरवा. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. तयार माल सखल भागात, जमिनीवर, जून ते सप्टेंबर ठेवायचाच नाही, हा नियम या तालुक्यांत लिखित असायला हवा.

तिसरा आक्षेप मध्यस्थाचा. निर्यातदार व्यापारी मलई खातो, मग आपणच निर्यात का करू नये? कागद मिळवणं आज अवघड नाही. आयात-निर्यात क्रमांकाची सरकारी फी 500 रुपये आहे, पापड-लोणच्यांसाठी अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेची नोंदणी, मसाल्यांसाठी मसाला मंडळाची, आणि निर्यातदार म्हणून अन्नसुरक्षेचा केंद्रीय परवाना घ्यावा लागतो. न्हावा-शेवा बंदर तर आपल्याच जिल्ह्यात, उरणला आहे. पण क्रमांक मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं होत नाही. समजा तिथल्या दुकानात तुमचं पाकीट 300 रुपयांना विकलं जाणार आहे. दुकानदाराचे 100 काढा, आयातदार आणि वितरकाचे 70, जहाज, विमा, शुल्क यांचे 40. उरलेल्या 90 रुपयांत तुमचा माल, मजुरी, पाकीट, तपासणी आणि नफा बसला तरच पुढे जा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेब याच दिशेने, दुकानातल्या किमतीवरून मागे करायचा असतो. अख्खा कंटेनर भरण्याइतका माल नसताना स्वतः पाठवलात तर त्या 40 मधलं जहाजाचं भाडं बरंच वाढतं. लिज्जतसारखी संस्थाही आपला माल निर्यातदार व्यापाऱ्यांमार्फतच परदेशी पाठवत आली आहे. तेव्हा सुरुवातीला मध्यस्थ घ्या, पण तीन अटींवर: पाकिटावर नाव तुमचं राहील, तो ट्रेडमार्क तुमच्याच नावावर नोंदलेला असेल, आणि पहिल्या खेपांचे पैसे आगाऊ मिळतील.

भांडवलाचं म्हणाल, तर 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकेका उद्योगाला खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या सभासदामागे 40 हजार रुपये बीजभांडवल अशी तरतूद केली गेली. योजनेची आजची मुदत आणि अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. मात्र अनुदान आहे म्हणून यंत्र घेऊ नका. आधी तोच माल, तोच बॅच नंबर घालून, मुंबई-पुण्याच्या दुकानांत एक पूर्ण वर्ष विका. पावसाळ्यात परत आलेली पाकिटं मोजा, दुकानदाराने दुसऱ्यांदा मागणी केली का ते बघा. ज्या मालाला दादरचा दुकानदार पुन्हा मागत नाही, तो दुबईचा दुकानदारही मागणार नाही.

म्हणून महाड-पोलादपूरच्या भगिनींना आणि तरुणांना माझी विनंती आहे. या आठवड्यात गटाची बैठक घ्या, एकच पदार्थ निवडा, एक वजनकाटा आणि एक जाड वही विकत आणा, आणि पुढच्या घाण्यापासून तारीख, वजन आणि कच्च्या मालाचं बिल लिहायला लागा. परदेशाची चौकशी वर्षभराने केलीत तरी चालेल, वही मात्र आजच सुरू करा.