अणुवीज : फायदा कोणाचा, जोखीम कोणाच्या डोक्यावर?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत एक पोरगा उठून म्हणाला, "रात्री दोनला मोटार चालू करायला जातो, पायाखाली साप असतो. अणुवीज आली तर दिवसा वीज मिळेल का? आणि मिळणार असेल तर कोकणातली माणसे नको का म्हणतात?" त्या दिवशी वेळ संपली होती. आज बोलतो.

अणुभट्टी ही काही जादू नाही. परळीला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, तारापूरला युरेनियमचे अणू फोडून करतात. वाफेवर चाक फिरते, तारेतून येणारी वीज एकच. फरक इंधनात आहे. बोटाच्या पेराएवढ्या युरेनियमच्या गोळीतून साधारण टनभर कोळशाची उष्णता निघते. धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत, रात्र असो की पावसाळा, भट्टी चालू. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. तरीही आज देशाच्या शंभर युनिट विजेत अणुवीज तीनच्या आसपास आहे.

दिवसा वीज हवी म्हणून अणुभट्टीची वाट पाहू नका, हे त्या पोराला आधीच सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ ९९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला, जमिनी गेल्या, २०११ साली गोळीबारात एक माणूस गेला. तिथून अजून एक युनिट वीज आलेली नाही.

पण म्हणून कोळशाचे पारडे धुतल्या तांदळासारखे आहे असे समजू नका. चंद्रपूरकडचे भाऊ इथे बसलेत. वेचणीच्या वेळी कापसावर काय बसते ते त्यांना विचारा. युनिटमागे हिशेब केला तर कोळशाच्या धुराने अणुविजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे मरतात. ती एकेक करून खोकत मरतात, म्हणून पेपरात येत नाहीत. आणि कोळशालाही पाणी लागते. २०१५ साली पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले, हे आपण पाहिले आहे.

मग भीती कशाची? जपानात फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला. भट्ट्या आपोआप बंद पडल्या, तिथपर्यंत सगळे ठीक. पण बंद भट्टीही आत तापत राहते, तिला सतत पाणी फिरवून गार ठेवावे लागते. त्सुनामीच्या लाटेने डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, इंधन वितळले. लाखावर माणसांनी घरे सोडली. किरणांनी थेट मेलेली माणसे नगण्य. पळापळीत आणि छावण्यांत म्हातारी माणसे हजारोंनी गेली.

आता शेतकऱ्याचे ऐका. भाताचा पेंढा रानात पडला होता, त्यावर किरणोत्सारी धूळ बसली. तोच पेंढा जनावरांनी खाल्ला आणि जुलैत त्या भागातल्या गोमांसाची विक्री बंद झाली. आपला कडबा डोळ्यांपुढे आणा. शेतातली वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडून पोत्यांत भरली. जी माती व्हायला पिढ्या लागतात, ती कचरा म्हणून गेली. २०१२ पासून भाताचे पोते न पोते तपासले. पुढे सगळे स्वच्छ निघू लागले, तरी फुकुशिमाचे नाव दिसले की गिऱ्हाईक हात आखडायचे. माल चोख आणि भाव नाही, हे दुःख तुम्हाला समजावून सांगायला नको.

त्या कंपनीला भरपाईपोटी दहा लाख कोटी येनच्या वर द्यावे लागले. म्हणजे आपले पाच लाख कोटी रुपये धरा. आपल्याकडे २०१० च्या कायद्याने भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी १५०० कोटींवर थांबवली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, खाजगी कंपन्यांना दार उघडले, सर्वांत मोठ्या भट्टीसाठी ही रक्कम ३००० कोटी केली. जुन्या कायद्यात खराब यंत्र देणाऱ्याकडून वसुलीचे कलम होते, ते मात्र काढले. बियाणे उगवले नाही की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी पावसाकडे. तसेच हे.

भट्टी सुरक्षित आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. मला ते बरेचसे पटते. अपघात क्वचितच होतात. पण इतकी सुरक्षित असेल तर यंत्र विकणारा सही करायला का घाबरतो? माझा विरोध विजेला नाही. फायदा शहराच्या कारखान्याला, जोखीम मच्छीमाराच्या आणि आंबेवाल्याच्या डोक्यावर, आणि भरपाईला मात्र आधीच कुंपण, याला आहे. विजेचा दर भट्टी बांधण्याआधी सांगा, जमिनीचा भाव मालकाशी बसून ठरवा, नुकसान होईल तेवढे भरा. मग खुशाल बांधा.

ठरावाचा मसुदा दारापाशी ठेवला आहे. चंद्रपूरच्या भावांनी त्यात राखेचे कलम घालायला सांगितले आहे, तेही वाचा. जेवणानंतर मत घेऊ.