एका फुटबॉल संघाचे पाठीराखे



फुटबॉल हा विषय या व्यासपीठाला थोडा परकाच आहे. इथे संतवाङ्मयावर बोलले जाते, अर्थकारणावर बोलले जाते, कधी एखादा प्रवासी आपली हकीगत सांगून जातो. पण दूरदेशीच्या एका चेंडूच्या खेळासाठी आपणांस बसवून ठेवणे हे जरा धाडसाचेच काम. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की, चेंडू कसा मारावा यासंबंधी मी काहीही सांगणार नाही. मैदानावर बावीस माणसे धावत असतात आणि कठड्याबाहेर पंधरा-वीस हजार बसलेली असतात. मला बोलायचे आहे ते या कठड्याबाहेरच्यांविषयी. खेळणाऱ्याला पगार मिळतो, मालकाला मान मिळतो; पण तिकीट काढून, पावसात भिजून, पराभव पाहून घरी जाणाऱ्याला काय मिळते? आणि तरीही तो पुढच्या शनिवारी पुन्हा का येतो?

उदाहरण म्हणून मी स्कॉटलंडमधील एकच संघ घेतो. एडिंबरो शहराचा 'हार्ट ऑफ मिडलोथियन', लोकांच्या तोंडी नुसता 'हार्ट्स'. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते ते डॉ. जॉन विल्सन एडिंबरोलाच शिकले होते, म्हणून शहराचे नाव तरी आपणांस अगदी नवे नाही. संघाच्या नावाची कथा मात्र गमतीची आहे. त्या शहरात एक जुना तुरुंग होता आणि त्याला 'मिडलोथियनचे हृदय' असे नाव पडले होते. तो १८१७ साली पाडला गेला. पुढच्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉटने तेच नाव आपल्या कादंबरीला दिले. मग एका नृत्यगृहाने ते उचलले, आणि त्या नृत्यगृहात जमणाऱ्या पोरांनी १८७४ च्या सुमारास चेंडूचा संघ काढला तेव्हा तेच नाव संघाला मिळाले. तुरुंगाच्या जागी फरसबंदीत दगडांचे एक हृदय बसवलेले आहे. जाणारे-येणारे त्यावर थुंकतात. तो तेथला जुना रिवाज आहे. संघाच्या बिल्ल्यावर हृदय आहे ते हेच! १८८६ पासून हे लोक गॉर्गी या कामकरी वस्तीतील टाइनकॅसल मैदानावर खेळत आहेत. शेजारी व्हिस्कीची मोठी भट्टी आहे आणि शिजणाऱ्या धान्याचा वास थेट मैदानात येतो.

आता स्कॉटलंडच्या फुटबॉलची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. ग्लासगो शहरात रेंजर्स आणि सेल्टिक असे दोन बलाढ्य संघ आहेत. १९८५ साली अ‍ॅबर्डीनने लीग जिंकली. त्यानंतर २०२५ पर्यंतच्या चाळीस वर्षांत या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाचेही नाव त्या चषकावर लागले नाही. म्हणजे एडिंबरोचा बाप आपल्या पोराचा हात धरून त्याला टाइनकॅसलला नेतो, तेव्हा हा पोर मोठा होईल, म्हातारा होईल, आणि कदाचित एकदाही अजिंक्यपद पाहणार नाही, हे त्या बापाला ठाऊक असते. तरी तो नेतो.

सगळेच दिवस असे नव्हते. १९५७-५८ च्या हंगामात हार्ट्सने चौतीस सामन्यांत १३२ गोल केले आणि अवघे २९ होऊ दिले. डेव्ह मॅके हा त्यांचा कर्णधार. १९६० सालीही ते लीग जिंकले. ज्यांनी ते दिवस पाहिले ते पुढे जन्मभर त्यांवर बोलत राहिले, आणि पुढच्या पिढीला ते ऐकून घ्यावे लागले. सुखाच्या आठवणींविषयी याहून अधिक बोलण्यासारखे काही नसते. दुःखाचे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण हार्ट्सच्या वाट्याला आलेले दुःख असे हिशेबी आहे की एखाद्या कारकुनालाही त्याचे कौतुक वाटावे.

२४ एप्रिल १९६५. लीगचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, किलमार्नॉकविरुद्ध. हार्ट्सचे गुण पन्नास, किलमार्नॉकचे अठ्ठेचाळीस; विजयाला त्या काळी दोन गुण. दोघांचे गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागायचे आणि ज्याचा भागाकार मोठा तो पहिला, असा नियम होता. हार्ट्सला बरोबरी पुरत होती. फार काय, एक शून्याने हरले असते तरी चालत होते, दोन एकने हरले असते तरी चालत होते. ते दोन शून्याने हरले. नव्वदला एकोणपन्नासांनी भागा: १.८३७. बासष्टला तेहतिसांनी भागा: १.८७९. दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात अजिंक्यपद गेले.

पुढे लोकांना हा भागाकाराचा नियम गैरसोयीचा वाटला आणि वजाबाकीचा नियम आला. केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करायचे. वजाबाकी १९६५ साली असती तर हार्ट्सचे एकेचाळीस आणि किलमार्नॉकचे एकोणतीस! असो. एकवीस वर्षे गेली. ३ मे १९८६ रोजी हार्ट्स पुन्हा लीगच्या शिखरावर होते. ऑक्टोबरपासून ते लीगमधला एकही सामना हरले नव्हते. डंडी येथे शेवटचा सामना, आणि पुन्हा बरोबरी पुरेशी. तिकडे पेस्लीला सेल्टिक खेळत होते. त्यांनी पाच गोल केले. डंडीला शेवटची सात मिनिटे उरेपर्यंत शून्य-शून्य होते. मग अल्बर्ट किड नावाच्या, मागाहून मैदानात उतरवलेल्या खेळाडूने, ज्याने त्या हंगामात लीगमध्ये एकही गोल केलेला नव्हता, चार मिनिटांत दोन गोल केले. गुण सारखे, पन्नास-पन्नास. वजाबाकीने सेल्टिक एकोणतीस, हार्ट्स सव्वीस. आता जुना भागाकार करून पाहा: एकोणसाठ भागिले तेहतीस, आणि सदुसष्ट भागिले अडतीस. भागाकाराने हार्ट्स पहिले येतात!

म्हणजे १९६५ साली नवा नियम असता तर जिंकले असते, आणि १९८६ साली जुना नियम असता तर जिंकले असते. एकाच संघाच्या पाठीराख्यांना दैवाने दोन्ही पद्धतींनी गणित शिकवले. आठवड्याने स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना होता. तिथेही ते अ‍ॅबर्डीनकडून तीन शून्याने हरले. आणि आठ दिवसांपूर्वी डंडीहून उतरल्या चेहऱ्याने परतलेले लोक तिथेही आलेले होतेच.

हे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा तर आमचा निष्काम कर्मयोग झाला. फळाची आशा न धरता कर्तव्य करीत राहणे. मला हे मुळीच पटत नाही. कठड्याबाहेरचा हा माणूस फळासाठी अगदी आसुसलेला असतो. तो स्थितप्रज्ञ नव्हे. हरल्यावर त्याला रात्री जेवण जात नाही, आणि शेजारचा हिबर्नियन संघ हरला तर त्याला परमानंद होतो. हिबर्नियनला १९०२ पासून २०१६ पर्यंत स्कॉटिश चषक मिळाला नव्हता. या एकशेचौदा वर्षांच्या दुष्काळावर हार्ट्सच्या कित्येक पिढ्यांनी आपली करमणूक करून घेतली आहे. असल्या माणसाला योगी म्हणणे हा योग्यांवर अन्याय आहे. त्याची निष्ठा विरक्तीची नसून हक्काची आहे. हा संघ माझा आहे, म्हणून त्याचे नुकसानही माझे आहे, असे तो धरून चालतो. आणि इथेच धोक्याची जागा आहे. कारण अशी निष्ठा ही एक ठेव असते, आणि ती दुसऱ्या कोणालाही खर्च करता येते.

१९१४ साली ती कशी खर्च झाली पाहा. महायुद्ध सुरू झाले, आणि त्यानंतर सुरू झालेल्या हंगामाचे पहिले आठही सामने हार्ट्सने जिंकले. देशात ओरड सुरू झाली की, धडधाकट तरुण चेंडू खेळतात आणि दुसरे खंदकात मरतात. हार्ट्सने आपले नाव बदलून पांढऱ्या पिसांचा संघ असे ठेवावे, अशा अर्थाचे पत्र एडिंबरोच्या वृत्तपत्रात छापून आले. पांढरे पीस म्हणजे तिकडे भ्याडपणाची खूण, आपल्याकडच्या बांगड्यांसारखी. नोव्हेंबरच्या अखेरीस सर जॉर्ज मॅक्रे यांच्या पलटणीत हार्ट्सचे अकरा खेळाडू एकदम दाखल झाले, आणि संघाने आपल्या पाठीराख्यांनाही हाक दिली. शेकडो लोक गेले. ज्यांनी कठड्यापलीकडून हाका मारल्या ते आता त्याच खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून कवायत करू लागले. रात्री लांबच्या चाली आणि शनिवारी सामना, असा तो हंगाम. शेवटी अजिंक्यपद सेल्टिकने चार गुणांनी नेले.

त्या हंगामात हार्ट्सतर्फे सर्वांत अधिक गोल करणारा टॉम ग्रेसी १९१५ च्या ऑक्टोबरात रक्ताच्या कर्करोगाने वारला. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी एलिस, करी आणि वॅटी हे तिघे खेळाडू पडले. युद्ध संपेपर्यंत सात गेले. त्यांच्याबरोबर गेलेल्या पाठीराख्यांची नावे आपणांस कोणी सांगत नाही. हेमार्केटच्या चौकात १९२२ साली या वीरांचे घड्याळाचे स्मारक उभे राहिले, आणि दर नोव्हेंबरात संघाचे लोक तिथे जमतात. मला त्या स्मारकाविषयी आदर आहे. परंतु ज्या समाजाने त्या पोरांना पिसे दाखवून लाजवले, त्याच समाजाने पुढे फुले वाहिली, ही गोष्ट आदरापोटी विसरू नये असेही वाटते.

दुसऱ्यांदा ठेव खर्च झाली ती पैशाची. मध्यंतरी चांगले दिवस येऊन गेले होते. १९९८ साली रेंजर्सला हरवून चषक मिळाला, तो छत्तीस वर्षांतला पहिला. आणि १९ मे २०१२ रोजी अंतिम सामन्यात प्रत्यक्ष हिबर्नियनला पाच एकने हरवले. गॉर्गीत याहून मोठा सण कल्पिता येत नाही. पण त्या वेळी क्लब एका परदेशी धनिकाच्या मालकीचा होता, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. चषकानंतर सहा महिने झाले नाहीत तोच कराची थकबाकी भागेना. क्लबने लोकांपुढे भाग विक्रीस काढले. लोकांनी सुमारे दहा लाख पौंड आणून दिले. जून २०१३ मध्ये तरीही दिवाळे वाजले आणि प्रशासक नेमला गेला. कर्ज अडीच कोटी पौंडांच्या वर. मालकाला ठाऊक होते की हे लोक येणारच. भावनेपोटी येणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव पाडून मागता येत नाही.

शिक्षा म्हणून नव्या हंगामात पंधरा गुण आधीच वजा झाले, नवे खेळाडू घेण्यास बंदी आली. विशीच्या आतबाहेरची पोरे मैदानात उतरली. खालच्या वर्गात जाणे जवळजवळ ठरलेलेच होते. तरीही प्रत्येक घरच्या सामन्याला दहा हजारांहून अधिक लोक येत राहिले. ३० मार्च २०१४ रोजी हिबर्नियनचा संघ टाइनकॅसलला आला. तो जिंकता तर हार्ट्सचे पतन त्याच दिवशी, शेजाऱ्याच्या हातून झाले असते. त्या पोरांनी हिबर्नियनला दोन शून्याने हरवले. आठवड्याभरात पतन झालेच, ते झाले. आणि हंगामाच्या शेवटी हिबर्नियनही खाली आले. दोघे शेजारी एकाच पायरीवर बसले.

या वेळी मात्र लोक नुसते येऊन बसले नाहीत. 'फाउंडेशन ऑफ हार्ट्स' या संस्थेमार्फत सुमारे आठ हजार माणसांनी दरमहा दहा पौंड वा अधिक वर्गणी बँकेतून परस्पर वळती करण्याचे कबूल केले. अ‍ॅन बज या एडिंबरोच्या उद्योजक बाईंनी २०१४ साली पंचवीस लाख पौंड पुढे करून क्लब ताब्यात घेतला, या बोलीवर की लोकांच्या वर्गणीतून त्यांची फेड होईल आणि मग क्लब लोकांचा. पुढच्याच हंगामात संघ ९१ गुण मिळवून वर आला. त्यात कौडनबीथवर दहा शून्याचाही एक विजय होता. २०२० साली करोनामुळे हंगाम मध्येच थांबला, आठ सामने शिल्लक असताना सरासरीने हिशेब झाला आणि हार्ट्स पुन्हा खाली ढकलले गेले. पुन्हा एकदा भागाकार! लोक संतापले, पण बँकेतली वर्गणी चालू राहिली.

३० ऑगस्ट २०२१ रोजी क्लबचे ७५.१ टक्के भाग फाउंडेशनच्या नावे झाले. तोवर या वर्गणीतून एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. वर्गणीदाराला नफा मिळत नाही. त्याला एक मत मिळते. संघाचे नाव, रंग किंवा मैदान बदलायचे झाले तर त्याला विचारावे लागते. फेड पूर्ण झाल्यावर वर्गणी बंद करण्यास कोणाचीच हरकत नव्हती. हजारोंनी ती चालूच ठेवली. २०२५ साली इंग्लंडच्या एका श्रीमंत गृहस्थाने जवळजवळ एक कोटी पौंड देऊन क्लबचे एकोणतीस टक्के भाग घेण्याची तयारी दाखवली. हा प्रस्ताव प्रथम या दरमहा दहा पौंडवाल्यांपुढे मतास ठेवावा लागला. त्यांनी फार मोठ्या बहुमताने होकार दिला, आणि त्याला जे भाग दिले त्यांना मताचा अधिकार ठेवलेला नाही.