नट किती आवळावा ?

एका निवृत्त शाळामास्तरानें मोटारीच्या चाकाविषयीं बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. पण या विषयांत चूक माझीच झालेली आहे. म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार मला पोंचतो.

गेल्या हिवाळ्यांत येथें श्रीरामपुरास मुलाच्या मोटारीचे पुढचे ब्रेक उघडले होते. चाक बसवून मिस्त्री थांबला, तेव्हां मींच म्हटलें, "अरे, आणखी आवळ. उसाच्या ट्रॉल्यांनीं रस्ता उखडला आहे." त्यानें पान्याला लांब नळी घातली आणि तिच्यावर तो उभा राहिला. मी समाधानानें घरीं आलों. महिन्याभरानें नेवाशाच्या रस्त्यावर ऐन दिवेलागणीला तेंच चाक पंक्चर झालें. तीन नट हलेनात. चौथ्याचा बोल्ट पिळून तुटला. सूनबाई नातवाला कडेवर घेऊन अंधारांत उभी होती आणि भरलेल्या ट्रॉल्या तिच्या अगदीं जवळून धडधडत जात होत्या. ती घटका मी विसरलों नाहीं.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. ती एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला कीं बोल्ट केसभर ताणला जातो आणि पुन्हां आखडूं पाहतो. त्या ओढीनेंच चाक हबवर दाबून बसतें. ताणाच्या प्रमाणांत ओढ वाढते, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. पण त्यालाहि मर्यादा आहे. ताण कमी पडला तर चाक हबवर सरकूं लागतें व नट सुटतात. फार झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात.

या पिळाचें माप न्यूटन-मीटर. लहान मोटारींच्या चाकांस साधारणपणें ८५ ते १२० लागतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर ४० किलोंचा भार दिला तर सुमारें ९८ होतात. ६० किलोंचा माणूस अर्ध्या मीटरच्या टोंकावर उभा राहिला तर २९४, म्हणजे तिप्पट ! तरफेचें हें गणित मीं वर्षानुवर्षें फळ्यावर सोडविलें आणि गॅरेजांत विसरलों.

ब्रेकच्या कॅलिपरचें प्रकरण आणखी नाजूक. त्याचा कंस धरणारे जाड बोल्ट पुष्कळदां चाकाच्या नटाइतकाच पीळ मागतात. पण सरकत्या पिनांचे बारीक बोल्ट बहुधा २५ ते ३५ वर तृप्त असतात. जाडाचा न्याय बारकाला लावला कीं तो तुटलाच.

तेव्हां उपाय काय ? गाडीच्या पुस्तिकेंत चाकांचा आंकडा पाहावा, कॅलिपरचा दुरुस्तीच्या पुस्तकांत. आणि शेवटचा पीळ टॉर्क-पान्यानेंच द्यावा. नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे. पुस्तिकेंत सांगितलें नसल्यास आट्यांना तेल लावूं नये. घर्षण घटतें आणि त्याच मापांत ताण भलताच वाढतो. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हां तपासावे.

आमचा मिस्त्री कुशल आहे. त्या दिवशीं त्याचा हात योग्य जागीं थांबला होता. तो पुढें ढकलला मीं. आतां त्यानें एक टॉर्क-पाना घेतला आहे. तो "टक्" असा वाजला कीं मिस्त्री माझ्याकडे पाहतो, आणि मी गप्प बसतों.